भिक्खू क्रमांक दोन

बाबांच्या डोक्याचा गोटा करायची ही सहावी वेळ.
मशीन मीच फिरवते, गॅरेजात, स्टुलावर बसवून,
खाली किराणा दुकानाची जाहिरातपत्रकं पसरून.
कानामागे एक जुना व्रण आहे.
सावन्नाखेतच्या विहारात, अकराव्या वर्षी,
श्रामणेर होताना मामाचा वस्तरा लागला होता.
मेकअपवाली तो दरवेळी झाकते.
भिक्खूला शोभत नाही म्हणते.

संवाद दोनच.
पहिला : "नदी कधी घाई करत नाही, बाळा."
दुसरा म्हणजे स्मित.

"घाई करत नाही?" बाबा विचारतात.
ज्या मेकाँगमधून ते ट्रकची ट्यूब धरून
रात्री पलीकडे गेले,
जिने एक चप्पल ठेवून घेतली आणि एक भाऊ,
ती चांगलीच घाईत होती.
पण दिवसाचे चारशे डॉलर, वर जेवण.
"म्हणून टाकू. नदीला कुठं कळतंय."

दिग्दर्शक पोरगेला, गुणी. आम्हाला बघितलं
की हात जोडतो, आवाज खाली आणतो,
जणू घरात कुणी आताच झोपलंय.
त्याला धूर हवा, घंटा हवी, कड्यावरचा विहार हवा.
छप्पर जपानी आलं, चीवर तिबेटी,
घंटा कुठली ते कुणालाच सांगता येईना.
नायकाचा घटस्फोट झालाय.
बाबांनी त्याला बरं करायचं
आणि मग कुणाला त्रास न देता मरायचं,
हसत, पान गळावं तसं.

बाबांना आठवतो तो विहार म्हणजे
संध्याकाळची भूक.
थोरले भन्ते रेडिओला कान लावून मुष्टियुद्ध ऐकायचे,
त्यांचा गडी हरला की दुसऱ्या दिवशी
पाली पाठांतरात एकाचीही गय नाही.
छपराच्या पत्र्यांवरून गावात उठलेलं भांडण,
आणि एक कुत्रं, बरोबर वंदनेच्या वेळी भुंकणारं.

मार्चमध्ये आई गेली.
इथं सरीत टायरच्या दुकानामागचं दुमजली घर
हाच आमचा विहार.
आचान खामफेट उशिरा आले, ज्यांनी आणलं
त्यांना गाडी लावायला जागाच मिळेना.
आल्या आल्या विचारलं, जेवलात का.
मग पाठ म्हणायला बसले,
आणि "अनिच्चा"वर आवाज फाटला.
दर रविवारी आई त्यांच्यासाठी
कोवळ्या बांबूचा रस्सा न्यायची.
ते थांबले. चीवराच्या टोकाला नाक पुसलं.
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
"सर, जरा शांत चेहऱ्यानं घेऊ या"
असं कुणी म्हणालं नाही.

शूटिंगच्या दिवशी श्रवणयंत्र काढायला लावलं.
प्लायवूडच्या कड्यावर मांडी घालून बाबा
नदीबद्दल बोलले.
डोळे मिटले, हसले, मेले.
"कट!"
उठले नाहीत.
एक मिनिट. दोन.
मोठे दिवे एकेक करून मालवले, तरी कुणी जागचं हलेना.
ध्वनिवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी.
"ही शांती," दिग्दर्शक कुजबुजला,
"ही शिकवून येत नाही."
मी जाऊन खांदा हलवला.

"झालं?" बाबा ओरडलेच,
बहिरी माणसं ओरडतात तसं,
"पायाला मुंग्या आल्यात. हात दे.
तुझ्या आईच्या रश्श्यात शेवटी काय पडायचं,
ते आठवत बसलो होतो.
यानांगची पानं. आणि अजून काहीतरी."

गाडीत यंत्र कानात घातलं तर ते शिट्टी वाजवू लागलं.
पुलावर वाहतूक तुंबलेली.
खाली जूनमधली फ्रेझर, डोंगरातला बर्फ वितळून
गढूळ, ओंडके ढकलत, फेसाळत.
बाबांनी काच खाली केली.
"बघ कशी सुटलीय," म्हणाले,
"हिला कामावर उशीर झालेला दिसतोय."